‘सवय होईल’ म्हणून चालणार नाही

प्रश्न : मी सहा वर्षं आयकिडो ही जपानी युद्धकला शिकतेय. गेल्या वर्षापासून मी आणि नवरा घरीच व्हिडिओ बघून शिबारी, म्हणजे जपानी पद्धतीचं दोरकाम शिकतोय. मी बांधते, तो बांधून घेतो. दोघांनाही आवडतं. ताकाते-कोते ही हात पाठीमागे घेऊन छातीभोवती वेढे घालायची पद्धत जमायला लागली आहे, पण दहाएक मिनिटांत त्याच्या उजव्या हाताला मुंग्या येतात. गेल्या आठवड्यात तर अंगठ्याच्या मागची बाजू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बधीर होती. तो म्हणतो, सवय होईल. दुसरी तक्रारही त्याचीच : गाठी व्यवस्थित असतात, पण ‘पार्सल बांधतेयस असं वाटतं.’ आयकिडोचा इथे काहीच उपयोग होत नाहीये. आणखी गाठी शिकू का? आणि छताला हुक लावून पुढचा टप्पा सुरू करायचा विचार आहे, तो कितपत बरोबर?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी बधीरपणाचं बघू, कारण तुमच्या पत्रात घाईचं तेवढंच आहे. याची सवय होत नसते. अंगठ्याच्या मागची बाजू आणि अंगठा-तर्जनी यांच्यामधली कातडी बधीर होणं ही रेडियल नर्व्हवर दाब आल्याची खूण आहे. ही नर्व्ह दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून बाहेरच्या बाजूला येते. खांद्याचा गोल स्नायू जिथे संपतो, साधारण तिथून खाली काही बोटं ती हाडाला अगदी चिकटून जाते. मधे मांसाची गादी फारशी नाही. ताकाते-कोतेचा खालचा वेढा नेमका इथेच बसतो. दोर फार आवळला नसला तरी दोन पदर एकमेकांवर चढले किंवा त्याने खांदा हलवल्यावर वेढा सरकला, की सगळा दाब एका रेघेवर येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बधीर, म्हणजे इशारा मिळून गेला. अजून थोडाही बधीरपणा उरला असेल किंवा मनगट वर उचलताना ताकद कमी वाटत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा आणि ‘दंडावर दोराचा दाब आला होता’ हे सरळ सांगा. लाजून ‘हातावर झोपलो होतो’ सांगितलंत तर दाब किती वेळा आणि नेमका कुठे आला, हे डॉक्टरांना कळणारच नाही. संवेदना आणि ताकद पूर्ण परत येईपर्यंत त्या दंडाला दोर लावायचा नाही, आणि त्यानंतरही काही आठवडे नाही. दुखावलेली नर्व्ह पुन्हा दाबली गेली तर मनगट लुळं पडून महिनोन्‌महिने तसंच राहू शकतं.

पुढे कधीही बांधाल तेव्हा आधी आणि मधेमधे चार गोष्टी तपासायच्या. रहदारी थांबवताना करतो तसा पंजा मागे वळवून त्याने तुमच्या बोटांना रेटायचं. हा जोर कमी पडला तर रेडियल. बोटं फाकवून धरायची आणि करंगळीला स्पर्श नीट कळतो का ते बघायचं; तिथे गडबड असेल तर कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी अल्नर. अंगठा आणि करंगळीचं टोक जुळवून धरायचं आणि तुम्ही ते सोडवून बघायचं. तिथे ढिलाई असेल तर मनगटातून जाणारी मीडियन. चौथी तपासणी रक्ताभिसरणाची : नख दाबून सोडा, दोनेक सेकंदांत रंग परतला पाहिजे. आपल्या सावळ्या कातडीवर हात ‘निळा पडलाय’ हे पटकन दिसत नाही, म्हणून नखच बघायचं. संपूर्ण पंजा जड, गार, फुगल्यासारखा वाटत असेल तर रक्त अडलंय; वेढे सैल करून हाताची स्थिती बदलली की बहुधा भागतं. पण ठरावीक बोटांतच मुंग्या येत असतील, विजेसारखी चमक गेली असेल किंवा न दुखता नुसताच जोर गेला असेल, तर सैल करत बसू नका, दोर काढा. यातला न दुखणारा प्रकार सर्वांत फसवा. ‘काही त्रास नाही ना?’ एवढंच विचारत राहिलात तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल आणि मनगट मात्र पडलेलं असेल.

आता त्या ‘सवय होईल’बद्दल. तुमच्या दोजोमध्ये, म्हणजे तालमीत, एखादा उके (ज्याच्यावर डाव करतात तो) मनगट मुरगळत असताना जमिनीवर थाप न मारता दात आवळून बसला, तर सेन्सेई त्याचं कौतुक करतील का? बांधून घेणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, ते उकेचंच काम आहे. पडायला शिकल्याशिवाय कुणाला फेकून घेऊ देत नाहीत, तसं सांगता आल्याशिवाय कुणी बांधून घेऊ नये. आणि सांगायचं ते नेमकं : ‘थोडं होतंय’ असं नाही, तर ‘उजवा हात, अंगठा, मुंग्या, आत्ता सुरू झाल्या.’ रग लागणं, दोर काचणं आणि मुंग्या येणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या सांगता यायला हव्यात. रग लागली तर स्थिती बदला. काचत असेल तर पदर सपाट करा किंवा बोटभर सरकवा. मुंग्यांवर एकच उपाय, सोडवणं. हात बांधलेले असले तरी टाचेने जमिनीवर दोन थापा मारता येतात. त्याचा अर्थ दोजोत असतो तोच, तात्काळ थांबा. हातात किल्ल्यांचा जुडगा धरायला द्या. तो पडला की तपासा. बोटांतली ताकद गेल्याचं कधीकधी त्यालाही त्यावरूनच कळतं.

ताकाते-कोते सध्या बाजूला ठेवा. परत कधी घ्यायची, त्याची एक साधी चाचणी आहे. दोर न लावता त्याने हात पाठीमागे घेऊन दोन्ही पंजांनी विरुद्ध हाताची कोपराजवळची बाजू धरायची आणि पाच मिनिटं बोलत बसायचं. दिवसभर कॉम्प्युटरवर वाकून बसणाऱ्या बऱ्याच जणांना हे दोन मिनिटंही जमत नाही. खांदे पुढे ओढले जातात, मान आखडते. ज्या स्थितीत शरीर आपणहून पाच मिनिटं राहू शकत नाही, तिथे दोराने धरून ठेवलं तर खांद्याचा सगळा ताण वेढ्यांवर जातो. अशा वेळी हात समोर, पोटाशी घडी घातलेले किंवा मांड्यांजवळ बांधावेत. त्यात कमीपणा काही नाही.

तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की गाठी पुरे झाल्या. तुम्हाला आयकिडो येतं, पण दोर हातात घेतला की ते दाराबाहेर राहतं. तुम्ही दोराकडे बघता, त्याच्याकडे नाही. व्हिडिओतला पुढचा वेढा आठवत असता, त्यामुळे अंतर बदलत नाही, वजन बदलत नाही, श्वास ऐकू येत नाही. पार्सल म्हणतो तो ते याच अर्थाने.

मा-आईपासून, म्हणजे दोघांमधल्या अंतरापासून, सुरुवात करा. तो बसलेला, तुम्ही मागे. हातभर अंतरावरून दोर घातलात की तो वस्तू हाताळल्यासारखा लागतो. गुडघा त्याच्या कमरेला टेकवून, छाती त्याच्या पाठीपासून वितीवर आणून तोच वेढा घाला, फरक त्यालाच विचारा. पण सतत चिकटून राहिलात तर जवळिकीचाही अर्थ उरत नाही. जवळ येणं, मागे सरकणं, बाजूला वळणं हे ठरवून करा. इरिमी (आत शिरणं) आणि तेन्कान (वळून बाजूला होणं) तुम्हाला येतातच, फक्त इथे ते गुडघ्यांवर करायचे आहेत. शिक्को, म्हणजे गुडघ्यांवर चालणं, घोटलेलं असेल तर इथे सोनं आहे. सेइझात (वज्रासनासारख्या बैठकीत) पायाची बोटं सपाट न ठेवता टाचा उचलून बसा, म्हणजे किझात. त्या बैठकीतून क्षणात कुठेही सरकता येतं. उभं राहून, वाकून बांधणाऱ्याची कंबर वीस मिनिटांत बोलायला लागते आणि मग हात घाई करतात.

दुसरं, कुझुशी, म्हणजे समोरच्याचा तोल काढणं. 1882 मध्ये कोदोकान स्थापन करणाऱ्या जिगोरो कानो यांनी ज्युदोच्या फेकीचे तीन भाग सांगितले : तोल काढणं, जागा घेणं, फेकणं. नवशिका थेट तिसऱ्यावर उडी मारतो. दोरातही तेच होतं. तो स्वतःच्या तोलावर ताठ बसलेला असताना हात मागे ओढलेत तर तो नकळत विरोध करणारच. त्याऐवजी खांद्यावर तळवा ठेवा आणि त्याला सावकाश मागे घ्या, इतकं की पाठीचं वजन तुमच्या मांडीवर किंवा छातीवर येईल. वजन आलं की दंड आपोआप सैल पडतात. हात हवा तिथे नेता येतो. वेढा त्यानंतर. ओढ मनगटाने द्यायची नाही. कोपरं अंगाजवळ, दोर ‘हारा’समोर, म्हणजे बेंबीखालच्या पोटासमोर, आणि सबंध धड मागे जाईल तसा दोर मागे यावा. तुम्ही ‘जो’ ही आयकिडोतली काठी धरून खालून कट करता, तेच शरीर इथे वापरायचं आहे.

श्वासाचं मात्र एक उलटं आहे. तो श्वास सोडतो तेव्हा अंग मऊ पडतं, म्हणून नवे लोक त्याच क्षणी छातीचा वेढा आवळतात. पुढच्या श्वासाला छाती फुगते आणि वेढा गच्च होतो. छातीवरचा वेढा त्याने नेहमीसारखा श्वास घेतलेला असताना मापायचा. हातपाय हलवणं, मागे घेणं, वळवणं हे श्वास सोडताना. पूर्ण खोल श्वास घेता येत नसेल तर वेढा चुकला, मग तो कितीही सुबक दिसो.

झानशिन, म्हणजे कृती संपल्यावरही टिकणारी सजगता, तर सगळ्यात आधी गळतं. शेवटचं टोक खोचलं की लोक मागे सरकून आपलं काम न्याहाळतात, आणि तेवढ्यात फोन काढतात. बांधलेल्या माणसाला तो क्षण एकटं टाकल्यासारखा लागतो. टोक खोचल्यावर तळवा तिथेच राहू द्या. फोन दुसऱ्या खोलीत. फोटो हवाच असेल तर तो काढायचा का, कुठे ठेवायचा, कुणाला दाखवायचा हे आधी कोरड्या डोक्याने ठरलेलं असावं.

जपानात दोराचं आणि युद्धकलेचं नातं होतंच. होजोजुत्सु ही कैदी बांधायची विद्या एदो काळात (1603 ते 1868) अनेक घराण्यांत शिकवली जाई. पकडताना वापरायचा बारीक ‘हायानावा’ वेगळा आणि नंतर नीट बांधायचा ‘होन्नावा’ वेगळा. पण तिचा हेतू तुमच्या हेतूच्या नेमका उलट होता. धडपड केली तर दुखावं, गळ्याशी फास बसावा, अशीच तिची रचना. आज आपण बघतो ती शिबारी विसाव्या शतकात चित्रं, रंगमंच आणि मासिकांतून घडली. चित्रकार सेइउ इतो (1882–1961) हे त्यातलं आद्य नाव. त्यामुळे होजोजुत्सुच्या जुन्या आकृत्या बघून बांधू नका, आणि गळ्याभोवती दोर तर कधीच नाही. ‘सामुराईंची परंपरा’ असा फार गाजावाजा करणाऱ्या शिक्षकाला रेडियल नर्व्ह कुठून जाते ते विचारून बघावं.

पुढचे दोन महिने एकच गाठ करा, आणि तीसुद्धा समोर ठेवलेल्या एका मनगटावर. दोर तागाचा, तीन पदरी, सहा मिलिमीटर जाडीचा, सात ते आठ मीटर लांब; सुरुवातीला दोन पुरेत. हार्डवेअरच्या दुकानातला ताग घेऊ नका. त्याला गिरणीतल्या तेलाचा वास असतो, पीळ सैल असतो आणि कुसळं टोचतात. काथ्या तर नकोच. नायलॉन घसरतो आणि कातडी भाजतो. सुती दोर मऊ असतो, शिकायला चालतो, पण त्याची गाठ ओढ बसली की इतकी आवळते की नखांनी सुटत नाही. तागाच्या नव्या दोराची कुसळं गॅसच्या आचेवरून भरभर फिरवून जाळायची, फडक्याने पुसायचा, जोजोबासारख्या तेलाचे चार-पाच थेंब तळव्याला लावून सबंध दोर त्यातून ओढायचा. तेल जास्त झालं तर दोर चिकट होतो आणि धूळ धरतो. धुवायच्या भानगडीत पडू नका, ओला ताग कमजोर होतो.

गाठ अशी. दोर मधोमध दुमडा. दुमडीकडे वीतभर सोडून दुहेरी दोर मनगटाभोवती दोनदा घ्या. हाडाच्या उंचवट्यावर नाही, तिथून दोन बोटं कोपराकडे. चारही पदर शेजारी-शेजारी सपाट, तुमची दोन बोटं आत. दुमड लांब दोरावरून आडवी न्या, चारही पदरांच्या खालून काढा आणि वर ओढा; अर्धी गाठ झाली. आता दुमड आणि लांब दोर यांचा दुसरा पीळ पहिल्याच्या उलट दिशेने घालून आवळा. मग लांब दोर बोटांकडे, कोपराकडे आणि बाजूला ओढून बघा. आतली दोन बोटांची जागा तशीच राहिली तर निरगाठ झाली. वेढा आकसत गेला तर तुम्ही सुरगाठ करून ठेवली आहे : एकतर दुसरा पीळ पहिल्याच्याच दिशेने पडला किंवा दुमड एकाच वेढ्याखालून गेली. एका टोकाला जोराने हिसका दिला तर बरोबर मारलेली गाठही उलटून सरकू शकते, म्हणून ती जमिनीवरच्या कामापुरतीच. तिच्यावर वजन टाकायचं नाही. दोर पदरांखालून ओढताना स्वतःचं एक बोट दोर आणि कातडी यांच्यामध्ये ठेवा, नाहीतर त्याला चटका बसेल.

रोज वीस मिनिटं पुरेत. त्यातली पहिली पाच दोराशिवाय : तो डोळे मिटून बसलेला, तुम्ही फक्त तळव्यांनी त्याचं वजन मागे, बाजूला, पुढे घेऊन बघा. नंतर गाठ न मारता दोर नुसता अंगावरून फिरवा, ओढ एकसारखी ठेवून. मधेच दोर सैल पडला की तो ‘तुटलं’ म्हणेल, आणि तुम्हालाही हाताला ते जाणवायला लागेल. मग गाठ. ती इतकी घोटा, की डोळे मिटून मारता आणि सोडवता येईल. हाताला गाठ आठवावी लागत नाही तेव्हाच लक्ष माणसाकडे जातं. सोडवणंही बांधण्याइतकंच सावकाश. मोकळी टोकं झटकू नका, डोळ्याला लागतात. हात सुटल्यावर एकदम पुढे आणू नका, खांद्याला आधार देत उतरवा.

कात्री हाताच्या अंतरावर हवीच, केमिस्टकडे मिळणारी बोथट टोकाची बँडेज कापायची. घेतल्या दिवशी एक जुना दोर दुहेरी धरून ती कापून बघा. बऱ्याच स्वस्त कात्र्या सहा मिलिमीटरच्या तागाला नुसत्या चावतात. बांधलेल्या माणसाला सोडून खोलीबाहेर जायचं नाही, बेल वाजली तरी. दोघांपैकी कुणीही प्यायलेलं असताना नाही. त्याला मधुमेहामुळे पायांची आग, बधीरपणा असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. पुढे पायांना दोर लावाल तेव्हा गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा टाळा. तिथून जाणारी नर्व्ह दाबली गेली तर पाऊल लुळं पडतं.

हुकाचं उत्तर, नाही. जमिनीवर हात बधीर होतोय तो हवेत जास्तच होईल, आणि तिथे सोडवायला वेळ लागतो. फ्लॅटमधला पंख्याचा हुक चार-पाच किलोच्या पंख्यासाठी बसवलेला असतो. माणूस हलला, झोका बसला की हुकावर येणारा भार त्याच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त होतो. स्वतः स्लॅबमध्ये अँकर मारून घेतलात तरी आत काँक्रीट कसं आहे ते बाहेरून दिसत नाही. फॉल्स सीलिंगचा तर विषयच नको. टांगणं व्हिडिओवरून शिकायची गोष्टच नाही. ते समोर बसून शिकवणाऱ्याकडे, त्याच्या तपासलेल्या अँकरवर, तो शेजारी उभा असताना शिकायचं. असा कुणी भेटला तर त्याला तीन प्रश्न विचारा : नर्व्हला इजा झालेली त्याने कधी पाहिली आहे का आणि तेव्हा काय केलं, नवख्यांना किती दिवस जमिनीवर ठेवतो, आणि तुमच्या नवऱ्याला वेगळं, एकट्याला काय शिकवणार आहे. तिसऱ्या प्रश्नावर तो गोंधळला तर पैसे भरू नका.